साळुंकी राणी आणि दोन कवड्यांचं अत्तर

एका राज्यात वारासुद्धा राजाला विचारून वाहायचा, आणि राजा मात्र कुणालाच न विचारता वागायचा. नाव धैर्यसेन, आणि धीर औषधालाही नाही. हसू नका, नाव आईबापांनी बारशाला ठेवलेलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

त्या राज्याच्या बाजारात चंडोलनाथ नावाचा जादूगार अत्तर विकायला बसला. अत्तराचं फूल सात समुद्रांपलीकडच्या बेटावरचं, पिवळं, पाकळ्या सुटलेल्या दोऱ्यांसारख्या. ते आपल्या पायांनी पाण्यावरून चालत यायचं आणि बाटलीत उतरायचं. गलबताचं भाडं पडत नसे, म्हणून किंमत अवघ्या दोन कवड्या.

राजाने थेंबभर मनगटाला लावलं, लावताक्षणी हुंगलं आणि नाक मुरडलं.

"साल! नुसती संत्र्याची साल! दोन कवड्यांत दुसरं काय मिळणार?" असं म्हणून त्याने मनगट धोतराला पुसलं.

चंडोलनाथ उठून उभा राहिला.

"राजा, ज्या घरच्या धन्याला वास उलगडेपर्यंत दम धरवत नाही, त्या घरची धनीण पंखांवर राहील."

तिकडे गच्चीवर केस वाळवत बसलेल्या राणी पुष्करावतीची साळुंकी झाली. केस ओले होते, म्हणून पिसंही ओलीच राहिली. ती भुर्रकन उडत आली आणि राजाच्या खांद्यावर बसली.

"झालं समाधान?" साळुंकी म्हणाली.

राजाने तलवार उपसली. "उःशाप सांग! राक्षस सांग, मारतो. डोंगर सांग, उपटतो."

"बसायचं," जादूगार म्हणाला.

"आणि?"

"बसायचं. याच बाटलीतलं अत्तर मनगटाला लावून, त्याचा शेवटचा पदर उलगडेपर्यंत. बाटलीत तीन थेंब आहेत, हातात तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला, की राणी माणसाची भाषा विसरेल."

पहिल्या दिवशी राजा सिंहासनावर बसला. थेंब लावला. सालीचा झोंबरा, हिरवा वास सुटला. राजाने पाय हलवला, मिशी ओढली, छताची नक्षी पाहिली.

"अहो, हात स्वस्थ ठेवा," खांद्यावरून साळुंकी म्हणाली.

"ठेवलाय."

"घासताय तुम्ही! मनगटावर मनगट घासताय!"

घासून घासून वास मेला. एक थेंब गेला.

दुसऱ्या दिवशी राजाचे दोन्ही हात गाद्यांवर वेगवेगळे ठेवले. साल झोंबून निवली आणि तिच्या आतून फूल उघडलं. पिकल्या केळ्यासारखं गोड, मधासारखं दाट, मध्येच थोडं मिरमिरीत. भिंतीवरच्या चित्रातल्या हत्तींनी सोंडा वर केल्या. द्वारपाल उभ्या उभ्या गहिवरला.

"वाहवा!" राजा उठला. "एवढं छान आहे, तर अजून छान करू! दिवाणजी, केवडा आणा! गुलाब आणा!"

"नको! अहो, नको म्हणते ना मी! दिवाणजी, तुम्ही तरी..."

दिवाणजी तोवर केवडा घेऊन आलेही होते. दरबारात लग्नाच्या मांडवासारखा घमघमाट झाला आणि त्यात ते फूल गुदमरलं. दुसराही थेंब गेला. साळुंकीने राजाच्या कानाला कडकडून चोच मारली. तो राजद्रोह धरला गेला नाही.

तिसऱ्या दिवशी साल आली, गेली. फूल आलं, रेंगाळलं, तेही गेलं. मग काहीच उरलं नाही. दिवाणजींनी वाकून हुंगलं आणि मान हलवली. "संपलं, महाराज. शेवटी स्वस्तातलं ते. कस्तुरी तरी लावून पाहू."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं. साळुंकीचं बोलणं अडखळू लागलं. दोन शब्दांमध्ये किलबिल शिरू लागली.

"लावा कस्तुरी," ती म्हणाली. "काय हवं ते करा. थकले मी तुमच्यापुढे. राहीन साळुंकी. निदान... पेरू तरी... खाईन."

"थांब," राजा म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. दिवाणजी हातातल्या कस्तुरीसकट जागच्या जागी थिजले.

"अजून येतोय," राजा म्हणाला.

"कस... कसला?"

"कळत नाही. म्हणून तर बसलोय."

तो बसून राहिला. माशी नाकावर बसली, उडाली. मुंगी पायावर चढली, चावली. सूर्याची कड डोंगराला टेकली. आणि मनगटावरून, अगदी कातडीच्या आतून आल्यासारखा, तिसरा पदर सुटला. उन्हात तापलेलं चंदनाचं खोड. तुपात पडलेल्या लवंगेची ऊब. तो वास दूर धावला नाही. राजाभोवती हातभर अंतरावर घुटमळत राहिला.

खांद्यावरची साळुंकी अचानक जड झाली. राजा सिंहासनासकट उलटा पडला आणि त्याच्या उरावर राणी पुष्करावती येऊन आदळली, सगळ्या दागिन्यांनिशी, ओल्या केसांनिशी.

राजाने तिला उठवायला उजवा हात पुढे केला.

"तो नाही!" राणी ओरडली. "त्या हाताने कशालाही शिवायचं नाही. पाणी लागू द्यायचं नाही, वास जाईल. ऐकताय ना?"

राजा ऐकत होता. म्हणून संध्याकाळी सगळ्या दरबाराच्या पंक्तीत राजाचा उजवा हात उशीवर होता, आणि राणी त्याला वरणभात भरवत होती. प्रत्येक घासाला कुरकुरत होती, पण घास चुकवत नव्हती. त्या राज्यात वाराही मग आपल्या मर्जीने वाहू लागला.