बिनखिडकीची भट्टी

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही मधूनच उठून जाऊ नये.

समुद्राने वेढलेल्या एका थंड बेटावर एक राजा होता. कुणी पराक्रम केला की राजा त्याला सोनेरी मुठीची तलवार देई. त्या मुठी घडवणारा सोनार गावाबाहेर टेकडीवर, उघड्यावर काम करी. त्याचा धाकटा भाऊ भाता चालवी. आईबाप गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवले होते.

त्यांचे काम असे होते. सोन्याचा कीस पाऱ्यात कालवला की लोण्यासारखा लेप होतो. तो चांदीच्या मुठीला फासायचा आणि मूठ विस्तवावर धरायची. पारा धूर होऊन उडून जातो, सोने मागे राहते. पण तो धूर विषारी असतो. म्हणून धाकटा आधी ओले बोट वर धरून वारा पाही. मग दोघे वाऱ्याकडे पाठ करून बसत, म्हणजे धूर पुढे निघून जाई. वारा पडला की काम बंद.

"वारा आपला तिसरा भाऊ," थोरला म्हणे. "आणि तिघांत तोच एकटा जेवायला मागत नाही."

एकदा राजा स्वतः टेकडीवर आला. एवढा कसबी माणूस धनगरासारखा उघड्यावर बसलेला पाहून त्याला वाईट वाटले. त्याने सोनाराला दरबारात आपल्या उजव्या हाताला आसन दिले आणि खजिन्याला लागून दगडी भट्टीघर बांधून दिले. भिंती जाड, दाराशी पहारेकरी. सोने चोरीला जाऊ नये म्हणून खिडकी एकही नाही. कालपर्यंत ज्यांनी त्याला काळ्या हातांचा म्हणून हिणवले होते, ते त्याला वाकून नमस्कार करू लागले.

धाकट्याने आत जाऊन ओले बोट वर धरले. बोटाला काहीच लागले नाही.

"दादा, इथे वारा नाही. राजाकडे एक खिडकी माग."

"एवढं दिलं त्याने, आणि मी खिडकी मागू? म्हणतील, याला टेकडीच बरी होती."

हिवाळा सरता सरता थोरल्याचे हात कापू लागले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. धाकट्याने पुन्हा पुन्हा सांगितले, आणि दर वेळी त्यालाच बोलणी बसली. शेवटी एका दुपारी त्याने घण उचलला आणि भिंतीला भगदाड पाडले. गार वारा आत आला. थोरल्याने डोळे मिटून एकच मोठा श्वास घेतला.

तेवढ्यात पहारेकरी धावत आले. खजिन्याजवळची भिंत फोडली म्हणून दोघांना दरबारात उभे केले. राजाने थोरल्याला विचारले, की भिंत तुझ्या सांगण्यावरून फोडली का. सगळे बघत होते. राजाशेजारी त्याचे आसन रिकामे होते.

"नाही महाराज," थोरला म्हणाला. "तो अडाणी आहे. भोक बुजवून टाका."

धाकट्याला वेशीबाहेर काढले. जाताना तो एवढेच म्हणाला, "बस मग तुझ्या आसनावर." त्याने मागे वळून पाहिले नाही. पाहायला हवे होते.

वसंताच्या मेजवानीत सोनाराच्या हातातला पेला राजाच्या बाहीवर सांडला. हा आमच्या आधीच पिऊन आला, असे म्हणून योद्धे हसले. राजाही हसला. दुसऱ्या दिवशी सोनाराचे आसन खाली सरकले, मग आणखी खाली, मग दाराशी गेले. हात का कापतो, हे कुणी विचारले नाही.

एका सकाळी तो झुडपांना धरत धरत टेकडी चढून आला. धाकट्याने त्याला जुन्या भट्टीपाशी बसवले. दोघांनाही खूप बोलायचे होते.

"वारा कुठून आहे रे?" थोरल्याने विचारले.

धाकट्याने बोट ओले करून वर धरले. "समुद्राकडून, दादा."

"मग बरोबर बसलोय," तो म्हणाला, आणि भावाच्या खांद्यावर मान टाकली. ती पुन्हा उचलली नाही.

काही दिवसांनी राजा अर्धवट राहिलेली मूठ घेऊन टेकडीवर आला. ही पुरी कर, तुझ्या भावाचे आसन तुला देतो, असे तो धाकट्याला म्हणाला.

"आसन राहू द्या, महाराज. तेव्हा एक खिडकी दिली असती, तर हे मागायला यावं लागलं नसतं."

राजाने परत जाऊन त्या भिंती पाडायला लावल्या. तिथून आता वारा आरपार वाहतो, पण भट्टीशी बसायला कुणी आले नाही. ती मूठ अर्धी पांढरी, अर्धी सोनेरी राहिली आणि राजा मेला तेव्हा तशीच त्याच्याबरोबर मातीत गेली.

तात्पर्य: ज्याला मान द्यायचा त्याला आधी मोकळा श्वास द्यावा, आणि ज्याला मान मिळाला त्याने श्वास मागायला लाजू नये.