धौळीची तेलकट लोकर

फार जुन्या काळी माळावर मेंढ्यांचा एक कळप चरत असे. त्यात धौळी नावाची मेंढी होती. तिची लोकर तेलकट होती आणि तिला उग्र वासही येई. एकदा शेजारी चरणारी शेळी नाक मुरडून म्हणाली, "अगं, जरा अंग धू की! किती चिकट झालीयेस!"

धौळीला ते फार लागलं. रिठ्याच्या झाडाखालच्या डबक्यात पडलेल्या रिठ्यांचा फेस येई. तिथे ती रोज अंग घासू लागली. लोकर कापसासारखी फुलली.

मग एका दुपारी पावसाची मोठी सर आली. बाकीच्या मेंढ्या अंग झटकून पुन्हा चरू लागल्या. धौळीच्या मात्र कातडीपर्यंत पाणी मुरलं. ओली लोकर इतकी जड झाली, की तिला उठवेना.

थोरली मेंढी जवळ येऊन म्हणाली, "पोरी, प्रत्येक केसाच्या मुळाशी कातडीत एक इवलीशी पिशवी असते. तिच्यातलं तेल केसावर पसरतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. तू तेच धुऊन टाकलंस."

"पुन्हा येईल ते?"

"पिशव्या कामाला लागल्यासुद्धा. तू फक्त त्यांच्या आड येऊ नकोस."

धौळी पुन्हा डबक्याकडे फिरकली नाही. शेळीने टोकलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "येऊ दे वास. मी धुणार नाही."

हिवाळ्यात तिला कोकरू झालं आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस कोसळला. धौळी वाऱ्याकडे पाठ करून, पाय रोवून उभी राहिली. पाणी तिच्या पाठीवरून ओघळत राहिलं. पोटाखाली कोकरू कोरड्या अंगाने दूध पीत होतं.