करवंदेची अंगाई

एका राज्यात, जिथली नदी सकाळी पूर्वेला वाहायची आणि संध्याकाळी पश्चिमेला, तिथं राक्षस, गंधर्व, यक्ष, नाग आणि माणसं अशी पाच कुळं नांदत होती. नांदत होती म्हणायचं आपलं. सुख कुणाच्याच पदरी नव्हतं, आणि त्याचं कारण होतं कडं.

मूल कळतं झालं की त्याच्या मनगटात लोखंडी कडं चढे. राक्षसाला गदा, गंधर्वाला गाणं, यक्षाला खजिन्याची राखण, नागाला औषध, माणसाला नांगर. कूळ पाहायचं आणि काम द्यायचं. मुलाला विचारायची रीतच नव्हती. कुणी दुसऱ्या कुळाच्या कामाला हात घातला की कडं तापायचं, आवळायचं, आणि एकदा आवळलं की सैल होत नसे. ते चढवायचंही आईनंच. दुसऱ्याच्या हातून ते बसतच नसे. कुण्या मेल्यानं ही रीत काढली ते पुढं येईलच.

तर त्या राज्याच्या उत्तर टोकाला करवंदा नावाची राक्षसीण राहत होती. ताडासारखी उंच, हात सुपाएवढे, आणि दारात उभी राहिली की घरात अंधार. नवरा लढाईत गेलेला. एकुलता एक लेक, मेघाट. मेघाट तान्हा असताना ती त्याला मांडीवर घेऊन अंगाई गुणगुणायची, पण तोंड मिटून. गाणं पडलं गंधर्वांचं. ओठ उघडले की कडं चावायचं. म्हणून शब्द पोटात ठेवायचे आणि सूर तेवढा नाकातून सोडायचा. पोरगं त्यावरही गाढ झोपायचं.

कडं चढवायचा दिवस आला तेव्हा मेघाटनं हात मागं घेतला. म्हणाला, "आये, हे कशाला?"

"दागिना आहे रे. सगळेच घालतात," करवंदा म्हणाली, आणि त्यानं विश्वासानं हात पुढं केला. तो हात तिला पुढं जन्मभर दिसत राहिला.

मेघाटला गदेचं प्रेम नव्हतं. त्याला जखम दिसली की राहवत नसे. एकदा अंगणात पंख मोडलेला पिंगळा पडला, त्याला यानं काड्या बांधून बरं केलं. कडं आवळलं. मग शेजारणीची शेळी, मग कुणाची भाजलेली बोटं. दर वेळी कडं थोडं आत जाई. आई ओरडायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढं सीमेवर लढाई झाली. मेघाटनं गदा टाकली आणि पोट फाटलेल्या एका सैनिकाला आपल्या पागोट्यानं बांधलं. सैनिक शत्रूकडचा होता. सेनापतीनं विचारलं, "अरे, आपली माणसं सोडून हा का?" मेघाट म्हणाला, "हा समोर पडला होता. समोर पडलेला आधी." तेवढं बोलला आणि कडं हाडापर्यंत रुतलं. बैलगाडीत घालून त्याला घरी आणला, आणि आणणाऱ्यांनी हे सारं करवंदेला सांगितलं.

कंबल नावाचा नाग वैद्य आला. बिचाऱ्याला रक्त पाहून भोवळ यायची, म्हणून तो डोळे मिटून नाडी बघायचा. म्हणाला, "करवंदाबाई, काळं दंडापर्यंत चढलंय. छातीत उतरलं की संपलं. आणि खरं सांगू? माझ्या हाती आत्ताही काही नाही. मला वेड फुलझाडांचं. पण नागाच्या पोटी जन्मलो."

करवंदा राजाकडे गेली. राजा धीरवर्मा माणूस. म्हणजे त्याच्या कड्याला नांगर ठाऊक, राज्यकारभार नाही. निवाडा दिला की त्याचं मनगट जळायचं, म्हणून तो सकाळभर शेत नांगरी आणि दरबारात दोन वाक्यांवर तिसरं बोलत नसे.

"महाराज, माझ्या लेकाचं कडं काढा," करवंदा म्हणाली.

"बाई, मला काढता आलं असतं तर माझ्या लेकीचं आधी काढलं असतं. घडवणारा जादूगार धूम्रनाथ उलट्या डोंगरात गेला, तो परत आला नाही." एवढं बोलून राजानं हात पाण्यात बुडवला.

घरी येते तो छपरावर पिंगळा बसलेला, तोच, बरा झालेला. म्हणाला, "करवंदे, वाट मला ठाऊक आहे. उलट्या डोंगराला तीन दारं. तुझ्या कुळानं कधी केलं नाही ते करशील तर उघडतील. हात जाईल."

"जाऊ दे," करवंदा म्हणाली. कंबलला तिनं लेकाजवळ बसवलं, मेघाटच्या कपाळावरून हात फिरवला आणि पिंगळ्याच्या मागं निघाली.

उलटा डोंगर म्हणजे शिखर खाली आणि पायथा आभाळात. पहिल्या दारावर एक धोंडा जागा होता. तो म्हणाला, "मी जन्मापासून झोपलो नाही. मला निजव, मग जा." करवंदेनं सवयीनं तोंड मिटून गुणगुण केली. धोंडा म्हणाला, "हे अर्धं आहे." मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा ओठ उघडले.

*नीज रे माझ्या डोंगरा, थकले तुझे पाय,*
*सूर्य गेला घरी त्याच्या, तुझी इथे माय.*

आवाज फाटका, सूर कुठल्या कुठं. कडं लाल झालं, मांसाचा वास सुटला. पण धोंड्यानं जांभई दिली आणि कुशीवर वळला. करवंदेला रडू आलं, ते हात भाजला म्हणून नव्हे. दगडाला शब्द मिळाले, आणि पोटच्या पोराला कधी दिले नाहीत.

दुसऱ्या दाराआड खजिना होता. एक समई तेवत होती. भिंतीतून आवाज आला, "समई विझेपर्यंत राखण कर. कशाला हात लावू नकोस. मग एक वस्तू तुझी." आता राक्षसाला राखण सांगणं म्हणजे मांजराला दुधावर बसवणं. त्यातून तो खजिना शापित, नाणी बोलायची. थोड्या वेळानं ती मेघाटच्या आवाजात बोलू लागली. "आये, दुखतंय. आये, ती कुपी घे ना, पळ ना." समोर खरंच अमृताची कुपी होती, एका घोटाची. पण राखण मोडली तर दार उघडायचं नाही. करवंदेनं सुपाएवढे दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि बसून राहिली. कडं आवळतच गेलं. तिची बोटं काळी पडली, समई विझली, आणि कुपी तिची झाली.

"झालं," ती पिंगळ्याला म्हणाली. "आता घरी."

"बाहेरची वाट तिसऱ्या दारातूनच आहे," पिंगळा म्हणाला.

तिसरं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत एक म्हातारा जमिनीवर पडला होता. त्याच्याही मनगटात कडं, आणि त्याखाली हात वाळल्या फांदीसारखा. त्याच्या पलीकडं उजेडाची फट होती.

"तू धूम्रनाथ?" करवंदेनं विचारलं.

"होय. मरत नाही आणि जगतही नाही."

"कुठलं कूळ कशाला, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

म्हातारा म्हणाला, "तेव्हाचा राजा लढाई हरला होता. म्हणाला, कोण कशाला योग्य ते ठरव, पुन्हा हार नको. मी एक संध्याकाळ वेशीवर बसलो. एका राक्षसाच्या हाती सोटा दिसला. तो विंचू मारत होता म्हणे, मी विचारलं नाही. एक गंधर्वीण पोर निजवत होती. एक यक्ष शेजाऱ्याच्या दुधावर लक्ष ठेवत होता. एक नाग बायकोसाठी मुळी उगाळत होता. माणसाच्या हाती नांगर. तेवढ्यावर तापल्या लोखंडात मंत्र बोललो. आणि मी स्वतः माणूस आहे हे बोलताना विसरलो; मलाही कडं चढलं, आणि पुढची जादू करताच हात वाळला. आईच्या हातून चढवलं की पोरं हात मागं घेत नाहीत, हेही मीच सुचवलं."

करवंदेनं आपला काळा हात त्याच्यापुढं धरला. मग म्हणाली, "सोडव."

"हाताची मुद्रा लागते, आणि हात मेलाय. तुझ्या कुपीतलं पाजशील तर एकदा हलेल. सगळी कडी पडतील."

"आणि लेकाला पाजलं तर?"

"तो वाचेल. कडं राहील."

"मग मर तू," करवंदा म्हणाली, आणि त्याला ओलांडून फटीकडे गेली.

फटीशी ती थांबली. तिला नुसता वाचलेला लेकही चालला असता. कड्यासकट, लुळा, कसाही. पण तो तिचा लेक होता, तिला तो ठाऊक होता. उठून उभा राहिला की दुसऱ्याच दिवशी तो कुणाची तरी जखम बांधायला बसणार, आणि दुसरी कुपी जगात नाही. कडं पडलं तर कदाचित रक्त परत वाहील, कदाचित. तिनं वळून पाहिलं. म्हातारा समोर पडला होता.

"समोर पडलेला आधी," ती पुटपुटली. तिनं आपल्या काळ्या बोटांनी त्याचं डोकं उचललं आणि अमृत त्याच्या तोंडात ओतलं.

धूम्रनाथाचा हात एकदा हलला. त्यानं मुद्रा केली, मंत्र उलटा म्हटला आणि डोळे मिटले. त्याच क्षणी साऱ्या राज्यात फडताळातली भांडी कोसळावीत तसा आवाज झाला. शेतात राजाचं कडं पडलं, गंधर्वांची पडली, करवंदेचंही पडलं. ती मात्र कुठं थांबली नाही. नद्या उडी मारून ओलांडत ती घरी आली.

मेघाटचं कडं खाटेखाली पडलं होतं. कंबल त्याच्या उशाशी रडत बसला होता. म्हणाला, "बाई, हात मोकळा झाला. पण काळं त्याआधीच छातीत उतरलं होतं."

मेघाटनं डोळे उघडले. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग तिनं तोंड उघडून अंगाई म्हटली. मेघाट ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू नवल उमटलं.

"आये," तो म्हणाला, "ह्याला शब्द पण होते?"

"होते रे बाळा."

"मग पुढचं म्हण."

ती पुढचं म्हणत राहिली. मधेच कधीतरी तो गेला. तिला ते कळलं, तरी तिनं अंगाई शेवटपर्यंत म्हटली.

राजा स्वतः आला. आता त्याला बोलायला मोकळीक होती. म्हणाला, "करवंदाबाई, शाप फिटला. आता कुणी कशाला योग्य, ते तुम्ही ठरवावं."

"नको महाराज. एकदा कुणीतरी ठरवलं तेवढं पुरे झालं. पोराला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका."

"आणि ह्या लोखंडाचं काय करू?"

करवंदेनं थोडा विचार केला. "पाळण्यांच्या कड्या करा," ती म्हणाली.

तसंच झालं. घरोघरी पाळण्यांना त्या लोखंडाच्या कड्या लागल्या. कंबलनं बाग लावली. एक यक्ष नांगर शिकला, एका गंधर्विणीनं गदा उचलली आणि बरी फिरवली. करवंदेचा उजवा हात वाकडाच राहिला. डाव्या हातानं ती जखमा बांधायची, मेघाटच्या पद्धतीनं, काड्या लावून. कुणाच्या घरी मूल रात्रभर रडलं की तिला बोलावणं यायचं. ती जायची, दारात अंधार करून उभी राहायची, आणि सगळे शब्द मोठ्यानं म्हणायची.

पिंगळ्यानं पाहिलं ते सांगितलं, मी ऐकलं ते सांगितलं; तुमच्या घरचा पाळणा हलता राहो.