पाठीला माती

"मग आता मी कोण, वस्ताद?"

कुस्तीच्या हौद्याच्या काठाशी बसून मौला वस्ताद लाल मातीतले खडे वेचत राहिले.

दुपारची वेळ. तालमीत दोघंच. सर्जेराव खोत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. गळ्याला डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा. मान वळत नव्हती. वस्तादांकडं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. वळवी, आणि पुन्हा चालू लागे.

वारणेकाठच्या मैदानांत गेल्या दहा वर्षांत त्याच्या पाठीला कुणी माती लावली नव्हती. समोर आलेल्या प्रत्येकाला त्यानं अस्मान दाखवलं होतं. आणि पौषात एका सकाळी, रोजच्या जोडीदाराबरोबर साधा सराव करताना, मान दुखावली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा आदळलात तर हातपाय कायमचे जातील.

कुस्ती संपली. हरून नव्हे. नुसतीच संपली.

"जरा बस."

"बसवत न्हाई. रानात गेलो तर उभं ऱ्हावत न्हाई. भरल्या ताटावरनं उठतो. शालन इचारती, कुठं निघालाय? मला तरी कुठं ठावं..."

वस्तादांनी एक खडा बाजूला टाकला.

"जो तो शहाणपण शिकवतोय. सासरा म्हणतो, म्हशी घे. सरपंच म्हणत्यात, पॅनलमधी उभं ऱ्हावा. डॉक्टरनं तर मनाच्या डॉक्टरीणबाईकडं धाडलं."

"गेलास?"

"एक डाव. बाई गप बसून ऐकत्यात नुसत्या. आन् मग इचारलं, भीती कशाची वाटती? ही काय पैलवानाला इचारायची गोष्ट झाली?"

"काय सांगितलंस?"

"उठून आलो."

सर्जेराव थांबला. सगळं अंग वळवून वस्तादांसमोर उभा राहिला.

"यात्रंच्या मैदानात माझं नाव घाला. एकच कुस्ती. मग काय व्हायचं ते हुईल."

वस्तादांचे हात थांबले.

"बायकूला ठावं हाय?"

"न्हाई."

"मरायचंय व्हय?"

मान दुखावल्यापासून सर्जेरावाच्या उजव्या हाताची बोटं आपोआप थरथरत होती. ती त्यानं मुठीत दाबली.

वस्ताद उठले. पंचाहत्तरी उलटलेलं शरीर, गुडघे कटकन वाजले. टोपी खुंटीला लावली, सदरा काढला आणि ते हौद्यात उतरले. चिमूटभर माती कपाळाला लावली, मूठभर तळहातावर चोळली.

"ये."

"चेष्टा करू नका, वस्ताद."

"नाव घालायचंय न्हवं? ये."

सर्जेराव उतरला. माती पायाखाली येताच पाय आपोआप फाकले, कंबर खाली गेली, हात पुढं आले. अंग काही विसरलं नव्हतं.

वस्तादांनी डाव टाकला नाही. ते जवळ आले, एक हात त्याच्या पाठीला लावला, दुसऱ्या हाताचा तळवा पट्ट्याच्या वर, डोक्यामागं ठेवला.

"पड."

"आं?"

"पड म्हनतो."

सर्जेरावानं जोर लावला, तो कुठं आणि कशासाठी हे त्यालाही कळेना. म्हातारा तर ढकलतही नव्हता. तरी गुडघे वाकेनात. कपाळावरून घाम ओघळला.

"जमत न्हाई मला."

"मी धरलंय."

बराच वेळ गेला. मग एक गुडघा टेकला. दुसरा टेकला. न्हाऊ घालताना तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसं वस्तादांनी त्याचं डोकं धरलं, आणि इंचाइंचानं खाली नेलं. पाठ मातीला लागली.

माती गार होती. तिच्यात कालवलेल्या ताकाचा आणि हळदीचा वास येत होता.

सर्जेरावाचं अंग गदगदून हललं. डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं. पुसायला त्यानं हात उचलला नाही.

"भीती वाटती, वस्ताद."

"हं."

"मैदानात हलगी वाजत हुती तवर मी हुतो. आता कुणी बघंना, तर... हाय का न्हाई, तेच कळंना. शालननं मैदानातला सर्जा बघून हळद लावून घेतली. हा घरात बसल्याला कोण हाय, तिला ठावं न्हाई. मलाबी ठावं न्हाई."

आता वस्ताद काही सांगतील म्हणून तो थांबला. वस्तादांनी डोक्याखालचा हात तेवढा तसाच ठेवला.

मग तोच बोलत राहिला. सातव्या वर्षी बापानं खांद्यावर बसवून इथं आणलं ते. बाप गेला त्या दिवशीही तो मैदानात होता, ते. परवा लेकीच्या फ्रॉकचं बटण लावताना बोटं थरथरली आणि पोरगी हसली, म्हणून तिच्यावर ओरडला, ते. कशाचा कशाला मेळ नव्हता. खिडकीतलं ऊन हौद्यावरून सरकत पलीकडच्या भिंतीवर चढलं. वस्ताद मधूनच "हं" म्हणत.

बोलून बोलून तो दमला. पौषापासून पहिल्यांदाच त्याचे पाय निवांत पडले होते.

"त्या डॉक्टरीणबाईंकडं परत जाऊन येतो," तो म्हणाला.

"आन् यात्रंतलं नाव?" त्यानंच पुढं विचारलं.

"घालत न्हाई," वस्ताद म्हणाले.

सर्जेरावानं डोळे मिटले. छाती एकदा भरून आली आणि खाली गेली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "वस्ताद... उठू का?"

वस्ताद उठून आपल्या गुडघ्यांवरची माती झटकत होते.

"ऊठ की. तुला पाडलंय कुणी?"