तांबड्या टेकडीची घसरण

फार जुनी गोष्ट, रानातली जनावरं खेळापायी तहानभूक विसरायची तेव्हाची. तांबड्या टेकडीवर एक घसरण होती. आणि काय घसरण! वरून सुटलं की पोटात गोळा, कानात वारा आणि मागे नुसता धुरळा! गुरग्या रानडुक्कर तर उजाडल्यापासून तिथेच.

घसरणीची राखण साळूमावशी करायची. माथ्यावर बसलेल्या या साळिंदराचा नियम एकच होता: घसरायचं असेल त्याने ओढ्यातून एक दगड आणायचा. त्या दगडांनीच ती खड्डे बुजवायची, वळणाला बांध घालायची.

"टेकडी काय हिच्या बापाची?" गुरग्या फुरफुरला. ओढा लांब होता, आणि वळणावर तर दगड आयतेच रचलेले! त्यातलाच एक उपसून त्याने ऐटीत मावशीपुढे टाकला. मग प्रत्येक फेरीला तेच. मावशी खूश, गुरग्या त्याहून खूश.

संध्याकाळी तो सगळ्यांत जोरात सुटला. "सरका रे, सरका!" वळण आलं, पण बांध होता कुठे? गुरग्या उडाला तो थेट करवंदीच्या जाळीत! ससे हसून हसून लोळले.

दुसऱ्या दिवशी अंगभर ओरखडे घेऊन गुरग्या पायथ्याशी उभा होता, येईल त्याची वाट अडवत.

"थांब! दगड दाखव आधी. ओला आहे ना? कोरडा असेल तर मुकाट्याने ओढ्यावर जा!"