साखळीचा हार

खडूचे फळे जाऊन पांढरे पडदे आले होते, आणि वर्गातल्या वस्तू अजून एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. सातवीच्या वर्गात छताला प्रोजेक्टर बसवला होता. तो एका लोखंडी दांड्याला टांगला होता आणि जोडीला एक सैल साखळी अडकवली होती.

खंडेनवमीला खोब्रागडे बाईंनी प्रोजेक्टरला झेंडूचा हार घातला. त्याची मान लगेच ताठ झाली. तो साखळीला म्हणाला, "मी शिकवतो, दांडा मला पेलतो. तू नुसती लोंबकळतेस. तुला कशाला हार?"

"खरंय बाबा," साखळी म्हणाली.

तेवढ्यात मुलांनी बाकावर चढून तोरणाची दोरी थेट प्रोजेक्टरलाच बांधली आणि जोरात ताणली. दांड्याचा स्क्रू निसटला. प्रोजेक्टर खाली कोसळला, पण मुलांच्या डोक्यांच्या वीतभर वर साखळीने त्याला झेललं. तो झोके घेऊ लागला आणि त्याने पडद्यावर दाखवलेला नकाशा नाचू लागला. घाबरलेली मुलं खदाखदा हसत सुटली.

पुढच्या खंडेनवमीला बाईंनी पहिला हार साखळीला घातला.

ती लाजली. "अरे, यंदा तर मी काहीच केलं नाही!"

"ताई," प्रोजेक्टर म्हणाला, "दरवर्षी अशीच काहीच न करता राहा."