नसलेल्या बांधाची माती

एक होतं जंगल. आटपाट होतं की नव्हतं, सांगता येत नाही, कारण त्याची मोजणी अजून व्हायची होती. त्या जंगलावर अस्वलाचं राज्य होतं. अस्वल खरं म्हणजे निवडून आलं होतं, पण स्वतःला राजा म्हणवून घ्यायचं. प्रजेलाही ते सोयीचं वाटायचं. निवडून दिलेल्याला जाब विचारावा लागतो, राजाला मुजरा केला की भागतं.

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं आणि वरच्या ओढ्याचं पाणी त्यात यायचं. पुढे राजाच्या मेहुण्याने त्या ओढ्यावर मातीचा भला थोरला बांध घातला आणि मागे साठलेल्या पाण्यात आपल्या गणगोतासह लोळू लागला. मेहुणा रानडुक्कर होता. अस्वलाचा मेहुणा डुक्कर कसा, असं कुणी विचारू नये, राजकारणात सोयरिकी अशाच जुळतात.

खाली तळं आटलं. बेडूक चिखलात गेले, चिखल वाळला तसे भेगांत गेले आणि भेगांतून ओरडू लागले, "बांध फोडा, बांध फोडा."

प्रधान मुंगूस होता. तो तळ्याच्या काठावर आला आणि त्याने खुलासा केला. "सरकारदप्तरी असा कोणताही बांध नाही. ओढ्यावर जो दिसतो, तो निसर्गाने दिलेला उंचवटा आहे. आता जो नाहीच, तो फोडायचा कसा?"

हाच खुलासा त्याने पुढे दरबारातही केला, आणि मग जो भेटेल त्याच्यापाशी केला. बेडकांना तो पटला नाही, पण त्यावर उत्तरही सुचलं नाही. असलेल्या गोष्टीशी भांडता येतं. नसलेल्या गोष्टीशी भांडणाऱ्याला लोक वेडा म्हणतात.

निवडणूक जवळ आली. तहानलेल्या प्रजेला पाणी देता येत नसेल तर निदान कला तरी द्यावी, असा विचार पुढे आला आणि निवासी शिल्पकार योजना जाहीर झाली. विषय ठरला, राज्यकारभार आणि पर्यावरण. कलावंताने राजगुहेच्या आवारात राहावं, सरकारी पाणी प्यावं आणि पर्यावरणाची काळजी शिल्पातून व्यक्त करावी. शिल्पातूनच करावी, तोंडाने करू नये, अशी एक बारीक अट होती.

निवड झाली ठकूताई खेकडिणीची. तळ्यात पाणी होतं तेव्हा ती काठावर मातीची पाखरं, मासे, नावा घडवायची. तिची चाल तिरकी होती, पण बोलणं अगदी कमी. प्रधानाने दुसरी गोष्ट तेवढी लक्षात घेतली.

ती निघाली तेव्हा डरकोबा नावाच्या म्हाताऱ्या बेडकाने भेगेतून डोकं वर काढलं. "ठके, तूसुद्धा गेलीस होय त्यांच्याकडे?"

"पोटाखाली पिलं आहेत रे," ठकूताई म्हणाली. "त्यांना ओल लागते. तिथे माठ आहे."

हे खरं होतं, तरी सांगताना तिला फार लाज वाटली. माठात पिलं जगली असती, पण वाढली नसती. खेकड्याच्या पिलांना पोहायला तळं लागतं. ते कुठून आणायचं, हाच एक घोर तिला लागला होता.

राजाने तिला बोलावून घेतलं. "पुतळा माझा हवा."

"विषय पर्यावरण आहे, महाराज."

"मग? मी पर्यावरणातच राहतो."

शेजारच्या जंगलात सांबराचा पुतळा सागाएवढा होता. म्हणून आपला सागाच्या वर, असं ठरलं. जागा राजानेच सुचवली. "तळ्यात उभारू. एवढं मोकळं मैदान दुसरं नाही. पूर्वी पाण्याची अडचण असायची, आता तीही राहिली नाही."

ठकूताई रानभर हिंडली. जागोजागची माती नांगीत घेऊन तिने वळून पाहिली. तळ्यातली माती करपली होती, वारुळाची भुसभुशीत होती. दरबारात येऊन ती म्हणाली, "महाराजांना शोभेल अशी चिकण माती एकाच ठिकाणी आहे. वरच्या ओढ्यावर."

मेहुणा झोपेतून दचकून उठला. "माझ्या बांधाला कुणी हात लावला तर याद राखा."

"कोणत्या बांधाला?" प्रधानाने विचारलं.

मेहुण्याने जरा विचार केला. "उंचवट्याला," तो म्हणाला.

"उंचवटा निसर्गाचा आहे. निसर्गाचं ते प्रजेचं, आणि प्रजेचं ते महाराजांचं."

"अहो दाजी, पाणी वाहून जाईल ना," मेहुणा राजाच्या कानाशी लागला.

राजाने प्रधानाकडे पाहिलं. "तिथे पाणी अडवलंय, असं आपल्या दप्तरी आहे?"

काय होणार ते प्रधानाला स्वच्छ दिसत होतं. पण जंगलातलं एकही झाड राहिलं नव्हतं, ज्याच्याखाली त्याने तो खुलासा केला नव्हता. "नाही, महाराज," तो म्हणाला. "फार तर उंचवटा थोडा सखल होईल."

काम सुरू झालं. गवे पाठीवरून माती वाहू लागले. 'उंच राजा, उंच राज्य' अशा घोषणा माकडांनी पाठ केल्या. राजा रोज पाहणीला यायचा. एकदा म्हणाला, छाती अरुंद वाटते. छाती रुंद झाली. मग म्हणाला, मी दिलदार आहे ते कुठे दिसतं? त्यासाठी पोट वाढवावं लागलं. जसजसा राजा वाढत गेला तसतसा बांध उतरत गेला. मेहुणा रोज येऊन म्हणायचा, "झालं की आता, हुबेहूब आहे." त्याची कलेची समज तेवढीच, असं म्हणून सगळे त्याला हसायचे.

ठकूताईने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली. "पुतळा भाजावा लागेल. कच्ची माती पाण्यात टिकत नाही."

"भाजायला लाकूड जाळायचं?" प्रधान दचकला. "पर्यावरणाच्या योजनेत? बाहेर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. कच्चाच असू द्या." त्या कारकिर्दीत पर्यावरणासाठी घेतलेला हा एकमेव निर्णय.

अनावरणाच्या दिवशी राजा मोठ्या धोंड्यावर चढला. "बंधू-भगिनींनो, विरोधक म्हणतात तळ्याची खोली गेली. मी म्हणतो, तळ्याला उंची आली." टाळ्या झाल्या. तेवढ्यात राजाला वाटलं की पुतळ्याची हनुवटी जरा उतरलेली दिसते. एका गव्याला शेवटच्या पाटीसाठी पिटाळलं.

गवा परत आला, पण पाणी त्याच्या आधी आलं.

पुतळ्याच्या पायांशी पाणी खेळताना पाहून राजाला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग पुतळ्याचे पाय विरघळले. तो गुडघ्यांवर बसला आणि हळूहळू प्रजेपुढे वाकला. जंगलाच्या इतिहासात प्रजेपुढे वाकलेला राजा तो पहिलाच. नंतर तो नुसता गढूळ पाणी झाला. भेगाभेगांतून बेडूक वर आले. ठकूताई तिरकी तिरकी काठावर उतरली, तिने पोट उघडलं आणि पिलं पाण्यात सोडली. ती पोहायला लागल्यावर तिला मनापासून हसू आलं.

"धरा तिला," मेहुणा ओरडला. "तिने बांध फोडला."

"फोडला," ठकूताई म्हणाली. "हेच माझं शिल्प."

पण शिक्षा करायची तर बांध होता हे आधी कबूल करावं लागलं असतं. प्रधानाने मेहुण्याला डोळ्यानेच गप्प केलं. तोवर राजा सावरला होता. तो पुन्हा धोंड्यावर चढला.

"तुमच्या पाण्यासाठी मी देह झिजवला," तो म्हणाला. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

बेडकांनी खरोखरच डोळ्यांनी पाहिलं होतं. डरकोबाला गहिवरून आलं. राजा आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला.

नव्या दरबारात पहिला ठराव आला. महाराजांच्या देहाचं झालेलं हे पवित्र पाणी जपून वापरायला हवं, म्हणून ओढ्यावर एक मजबूत बांध घालावा. काम मेहुण्यांना द्यावं, कारण बांध घालण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे, असं प्रधानाने सांगितलं. विरोधात एक नांगी वर झाली होती. पण मतदान आवाजी होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज बेडकांचा होता.